शेपूला जुळणारा शब्द

शेपूला यमक सापडत नाही. मी पुष्कळ शोधलं आहे. कांद्याला खांदा आहे, वांदा आहे. भेंडीला शेंडी आहे. दोडक्याला तर मोडका, बोडका, रोडका अशी सगळी भावकीच आहे. शेपू मात्र एकटा. त्याला एकच शब्द जुळला होता, तो माझ्या नातीनं दिलेला.

मी पालेभाजीची व्यापारी आहे. संध्याकाळी मार्केट यार्डात लिलाव होतो, तिथे माल घेते आणि हॉटेलांना पोचवते. सुरुवात डोक्यावरच्या पाटीनं झाली, आता दारात टेम्पो उभे असतात. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं जे काही मिळवलं ते तोंडानं मिळवलं. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, आणि त्याची मला लाज नाही. लिलावात मऊ बोलणाऱ्या बाईच्या वाट्याला उरलेला माल येतो.

पालेभाजी जुडीत येते, आणि जुडीत फसवणूक करणं सोपं असतं. बाहेरून हिरव्यागार काड्या लावायच्या, पिवळ्या आणि कुजक्या मध्ये सारायच्या, वर केळीच्या सोपटानं घट्ट बांधायचं. नवखा माणूस वरून बघतो आणि बोली लावतो. मी ढिगातली एक जुडी उचलते, सगळ्यांसमोर सोडते, काड्या फाकवून आतलं बघते, मग तोंड उघडते. यार्डात माझं हे सगळ्यांना माहीत आहे. मी ढिगाजवळ आले की माल आणणाराच म्हणतो, "मावशी, सोडा जुडी. काय नाय आत."

सून कॉम्प्युटरवरचं काम घरूनच करते. सकाळपासून खोलीचं दार बंद आणि कानाला ते हेडफोन लावलेले. मुलगा अंबडच्या कारखान्यात. मला संध्याकाळपर्यंत यार्डात काम नसायचं. त्यामुळे गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारी जाग्या आणि रिकाम्या अशा आम्ही दोघीच असायचो, मी आणि माझी नात. ती तेव्हा बालवाडीतून घरी यायची, जेवायची आणि मी भाजी निवडत असले की समोर फतकल मारून बसायची.

तिथेच आमचा लिलाव सुरू झाला. मी शब्द मांडायचा आणि तिनं त्याला जुळणारा शब्द बोलीला लावायचा.

"चला, चला, दोडका आलाय! कोण घेतं दोडका?"

"मोडका!"

"जुडी सोड."

जुडी सोड म्हणजे अर्थ सांग. आमचा नियमच होता तो. नुसता आवाज जुळवून चालायचं नाही. अर्थाशिवाय शब्द म्हणजे आत काय भरलंय ते न बघता घेतलेला माल.

"मोडका म्हणजे तुटलेला. माझी लाल गाडी मोडकी आहे."

"बरं. दोडका एक वार…"

"बोडका!"

"सोड."

"बोडका म्हणजे डोक्यावर टोपी नाही तो. बाबा बोडका."

"तुझ्या बाबाच्या डोक्यावर टोपी नाही आणि केसही नाहीत. दोन वार…"

"रोडका! बारीक असतो तो. आजी, तू रोडकी नाहीस."

"आगाऊ! तीन वार!" मी फरशीवर तळहात आपटायची आणि दोडका तिला मिळायचा. खराखुरा दोडका, हातात. तो घेऊन ती घरभर फिरायची. खायला मात्र दोडका तिला अजिबात आवडत नसे.

असे आम्ही किती शब्द विकले त्याला हिशेब नाही. काकडी वाकडी असते आणि आजोबांची काठी लाकडी होती. मुळ्याला खुळा. "खुळा म्हणजे जो सांगितला तोच भाव देतो तो," असं तिनं सांगितलं. ते मी तिला शिकवलं नव्हतं. मी फोनवर तिच्या बापाबद्दल कोणाला तरी बोलले होते, ते तिनं उचललं. सांगून ठेवते, पोरीला आवाज आणि अर्थ दोन्ही एका झटक्यात कळायचे. यार्डात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. ही त्यांच्या वरची होती.

एकदा मी शेपू निवडत होते. ती जुळवायला बसली. "शेपू… लेपू… नाही. शेपू… टेपू!"

"टेपू? जुडी सोड."

ती जरा वेळ वर पंख्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "टेपू म्हणजे ज्याला शेपू आवडत नाही तो माणूस."

"असा शब्दच नाही, ठमाकाकू. कुजका माल खपवतेस होय मला?"

"आहे! आई टेपू आहे. बाबा टेपू आहे."

"आणि तू?"

"मी पण टेपू."

"आणि मी गं?"

"तू नाहीस. तू पातेलं पुसून खातेस."

आता यात काय चूक काढायची? आवाज जुळत होता, अर्थ पक्का होता, उदाहरणं घरातलीच होती. मी तळहात आपटला. तीन वार, टेपू विकला. त्या दिवसापासून जेवताना कोणी ताटातला शेपू हळूच कडेला सारला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. ती ओठांनी नुसतंच "टेपू" म्हणायची आणि मला ठसका लागायचा. सुनेला वाटायचं, आजी-नात तिलाच हसतात. तसं ते खरंही होतं.

मग शाळेत वांदा झाला.

वांदा शब्द माझा. टेम्पो वेळेवर आला नाही की वांदा, हॉटेलवाल्यानं माल परत पाठवला की वांदा. कांद्याला यमक म्हणून तो मी तिला विकला होता, अर्थासकट. वर्गात तिच्या हातून पाण्याची बाटली वह्यांवर उपडी झाली, तेव्हा ती उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "टीचर, वांदा झाला!" सगळा वर्ग हसला. नंतर जो तो पोरगा उठून वांदा झाला, वांदा झाला करायला लागला. बाईंनी मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं.

दोघं परत आले ते तोंडं पाडून. बाईंनी सांगितलं होतं, मुलगी हुशार आहे, पण घरात मराठी फार होतं. मोठ्या शाळेत पहिलीला घालायचं तर तिथे मुलीशी बोलून बघतात. तोवर घरात फक्त इंग्लिश ठेवा.

सून माझ्याशी नेहमी अदबीनं बोलते. तेव्हाही अदबीनंच बोलली. "आई, रागावू नका. पण थोडे दिवस तिच्याशी मराठी नको."

"मग मी काय मुकी बसू?"

"तसं नाही. तुम्हाला येतात तेवढे इंग्लिश शब्द बोला ना. कम, सीट, ईट, गुड गर्ल."

"कुत्र्याशी बोलतात तसं?"

"आई!" मुलगा म्हणाला. "दर वेळी तुझं हेच. कोणी काही नीट सांगायला गेलं की अंगावर येतेस."

मी आवाज चढवला. हे घर माझ्या तोंडावर उभं राहिलंय, म्हटलं. या मराठीवर तुझी फी भरली, या मराठीवर हा फ्लॅट आला, आणि आता हीच मराठी घरात नको? दाराबाहेर चपलांच्या शेजारी काढून ठेवू का तिला? शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. बघू देत.

सून मूळची सटाण्याकडची. तिनं ताटं उचलता उचलता सांगितलं, "आई, आमच्या घरी अहिराणी बोलायचे. शाळेत मुलं मला हसायची, म्हणून मी मराठी पक्की केली. पहिल्या नोकरीला गेले तेव्हा समोरची माणसं इंग्रजीत विचारत होती आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सगळं येत होतं मला, बोलता येत नव्हतं. ते माझ्या मुलीचं व्हायला नको. मीही एक भाषा सोडलीच ना? काय बिघडलं?"

"आईशी कशात बोलतेस आता?"

"मराठीत. ती अहिराणीत बोलते, मी मराठीत."

सौद्यात मला उत्तर सुचत नाही असं फार कमी वेळा झालंय. आजही तिच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण उत्तर नसलं म्हणजे समोरच्याचं बरोबर असतं, हे मी मानत नाही.

मी सौदा करायला बसले. दिवसभर तुमची इंग्लिश, म्हटलं, पण दुपारी भाजी निवडायच्या वेळी तासभर माझा. मुलगा म्हणाला, मुलीचा गोंधळ होतो. मी अर्ध्या तासावर आले. तो मान हलवत राहिला. बरं, नुसता लिलाव, म्हटलं, तोही रोज नको, एक दिवसाआड. सून म्हणाली, "आई, हे भाजीसारखं नसतं हो."

सगळं भाजीसारखंच असतं. एकाला हवं असतं, दुसऱ्याकडे असतं, आणि मध्ये भाव असतो. समोरचा भावावरून हलत नसला तर शेवटचा एक डाव असतो, तो आम्हा सगळ्यांना येतो. उठायचं आणि चालायला लागायचं. घाईनं नाही. पिशवी झटकायची, पदर नीट करायचा, हळूहळू पावलं टाकायची. मागून हाक येते. "अहो मावशी, या, या, घ्या तुमच्या भावानं." आपण आधी वळून पाहिलं की आपला भाव पडला. मी आयुष्यभर अशी उठत आले आणि मागून हाक आली नाही असं झालं नाही.

मी उठले. म्हटलं, "मग मी राहते मार्केटजवळच्या जुन्या खोलीवर. मुकी राहायला मला इथे जागा कशाला पाहिजे?"

पिशवी भरायला मी भरपूर वेळ लावला. साड्या घातल्या, काढल्या, परत घातल्या. देवाची फुलपात्रं कागदात गुंडाळली. नात दारात उभी राहून बघत होती. "आजी, कुठे चाललीस?" तिनं मराठीतच विचारलं. आईनं तिला आत बोलावलं. मी चपला घातल्या. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, मी तिला जाऊ दिली, परत बटण दाबलं.

तेवढ्यात मुलगा मागून आला आणि त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. माझा जीव भांड्यात पडला. आली हाक, मला वाटलं.

तो म्हणाला, "जड आहे, आई. मी सोडतो गाडीनं." पिशवी खाली नेऊन त्यानं डिकीत ठेवली. रस्त्यात सांगितलं, "तुलाही मार्केट जवळ पडेल. दगदग वाचेल. इंटरव्ह्यू होईपर्यंत बरंच आहे." चांगल्या मनानं बोलत होता. ते जास्त लागलं. माझ्या पोटी जन्मला आणि सौद्यातली एवढी साधी गोष्ट त्याला कळली नाही. की कळली? मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या दिवसापासून मी इथेच आहे.

खोली चांगली आहे. खाली टेम्पो लागतात, माणसांची ये-जा असते. सून डबा पाठवते, न चुकता. तिनं शेपूची भाजीही पाठवली एकदा, स्वतःला आवडत नसताना. पण मला जे हवं होतं ते डब्यात येणारं नव्हतं. मला ती दुपार हवी होती.

शनिवारी नातीला इथे आणायचं एवढं मी पदरात पाडून घेतलं. सुरुवातीला ती जिन्यावरूनच ओरडत यायची, "आजी, लिलाव!" आम्ही भराभर शब्द विकायचो, कोणीतरी गाडी थांबवून ठेवलीय अशा घाईनं. खरंच खाली गाडी थांबवलेली असायची. काही शनिवारांनंतर ती शब्दाला अडखळू लागली. मी गाजर मांडलं, ती म्हणाली, "पाझर." मी म्हटलं जुडी सोड. ती म्हणाली, "माहीत नाही." आधी ती माहीत नाही कधी म्हणायची नाही, काहीतरी घडवून सांगायची. मी मातीच्या माठाला हात लावून दाखवलं, बघ, बाहेरून ओला झालाय, तो पाझर. तिनं बोट लावलं, फ्रॉकला पुसलं आणि विचारलं, "आजी, तुझ्याकडे फ्रिज का नाहीये?"

मोठ्या शाळेनं तिला घेतलं. पेढे आले. मला वाटलं, झालं यांचं काम, आता माझा माल मला परत मिळेल. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, आता तर खरी सुरुवात आहे. वर्गात सगळी मुलं फाडफाड बोलतात."

मग मी अदलाबदलीवर आले. रोख मिळत नसलं की माल देऊन माल घ्यायचा. पुढच्या शनिवारी नातीला म्हटलं, तू मला तुमच्या शाळेतले जुळणारे शब्द दे, मी तुला माझे देते. तिला आवडलं. ती हात मागे बांधून म्हणायला लागली, "कॅट, बॅट, मॅट, हॅट, रॅट." एका दमात, मोटार चालल्यासारखं.

"थांब, थांब. मॅट. जुडी सोड."

"काय?"

"मॅट म्हणजे काय?"

"मॅट म्हणजे मॅट."

"अगं, पण असतं काय ते? खातात, की अंगावर घालतात, की कोणाला मारतात?"

"आजी, इट्स अ राइम. मॅट. ऑन द मॅट." आणि ती हसली. माझी कीव केल्यासारखं नाही, नुसतंच लहान मुलासारखं हसली. मी ते पाचही शब्द घोकून पाठ केले. यार्डातल्या हिशेबाच्या पोराकडून अर्थ विचारून घेतले. मॅट म्हणजे चटई. चटई! चटईला किती गोड यमकं आहेत. कटई नाही, भटई नाही… खरं तर चटईलाही नाहीत. पण त्या दिवशी मला वाटलं होतं की असतील. पुढच्या शनिवारी मी खोलीतली चटई पसरून वाट बघत बसले. त्या शनिवारी तिचा डान्सचा क्लास निघाला.

शनिवार मग एक सोडून एक झाले. त्यातलेही चुकायला लागले. हाक मी मारायची नाही असं ठरवलं होतं, तरी फोन मीच करायची. भाव माझा पडला होता. तो मी माझ्या हातानं पाडत होते, हे मला दिसत होतं.

परवाच्या शनिवारी ती आली. उंच झाली आहे. समोरचे दात पडून नवे आले आहेत. सून दारातच फोनवर बोलत उभी होती. मी नातीला जेवायला वाढलं. मुद्दाम शेपू केला होता. तिनं बोटानं तो ताटाच्या कडेला सारला, अगदी पूर्वीसारखा, भिंतीसारखी रांग करून.

मी तिच्याकडे वाकून हळूच म्हटलं, "टेपूच राहिलीस ना?"

तिनं वर पाहिलं. "व्हॉट?"

"टेपू."

"टेपू म्हणजे?"

जुडी तिनं मला सोडायला सांगितली. मी सोडली. म्हटलं, "टेपू म्हणजे ज्याला शेपू आवडत नाही तो माणूस."

तिनं विचार केला, पूर्वी करायची तसाच, वर पंख्याकडे बघत. मग समजुतीनं म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट अ वर्ड."

"आहे," मी म्हटलं. "तुझी आई टेपू आहे. बाबा टेपू आहे."

ती दाराकडे वळली. "ममा, आर यू टेपू?"

सुनेनं फोनवर हात ठेवला. "व्हॉट, बेटा?"

"नथिंग," नात म्हणाली आणि हात धुवायला गेली.

जाताना तिनं मला मिठी मारली. तिला कोणी शिकवलं नव्हतं, आपणहून मारली. जिन्यावरून खाली उतरेपर्यंत ती मागे वळली नाही. पोरीनं वळून का बघावं? ती काही सौद्यातून उठून चाललेली नव्हती. ती घरी चालली होती.

संध्याकाळी मी यार्डात गेले. एका ढिगावर शेपू होता. पेठकडून आलेला माणूस म्हणाला, "मावशी, बघा की, लय कवळा हाय." मी एक जुडी उचलली, सोडली, काड्या फाकवल्या. आत एकही पिवळी काडी नव्हती. वास चांगला येत होता. बोली चालू झाली. लोक माझ्याकडे बघत होते, मी आता बोलेन म्हणून. माझ्या तोंडाशी बोली नव्हती, टेपू होता.

मी जुडी परत बांधली, ढिगावर ठेवली आणि बोली दुसऱ्याला जाऊ दिली.